पिचलेली बांगडी कोणाच्या खाती?

दिवाळी चार दिवसांवर आली, की आमच्या नशिराबादच्या गल्लीत मणियारचाचांची हाळी ऐकू येते. आई ओट्यावर सतरंजी टाकते, शेजारपाजारच्या बायका पदर सावरीत गोळा होतात आणि चाचांचे बोचके उघडते. आमचे गाव एके काळी काचेच्या बांगड्यांसाठी नावाजलेले होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही त्याची नोंद आहे. त्या वैभवाचे आता फारसे काही उरले नाही; पण बांगडी भरण्याची रीत मात्र चाचांच्या बोटांत शाबूत आहे.

वाचकहो, ही रीत तुम्ही कधी नीट पाहिली आहे काय? चाचा आधी बांगडी हातात घेत नाहीत, आधी हात हातात घेतात. पंजा दाबून पाहतात, अंगठ्याचे हाड कुठे आडवे येते ते चाचपतात आणि मग ‘सव्वादोन’ की ‘अडीच’ हे ठरवतात. हात कडक असला तर ‘बेटा, हात ढिला सोड’ एवढेच सांगतात. हाताला दोष देत नाहीत. आणि एवढे करूनही एखादी बांगडी पिचलीच, तर (सणासुदीला ‘फुटली’ म्हणायचे नसते) तिचे तुकडे ते निमूटपणे आपल्या डबीत टाकतात. तिचे पैसे घेत नाहीत. कारण नियम सरळ आहे: भरताना पिचली तर मणियाराची, भरल्यावर पिचली तर घालणारीची.

हा नियम कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही. तो मोडला म्हणून कोणी कचेरीत गेल्याचेही मी ऐकले नाही. तरी तो पाळला जातो. आणि विद्येचा व्यवहार करणाऱ्या, मोठमोठ्या पाट्या लावलेल्या, थंडगार हवेच्या यंत्रांनी गारठवलेल्या ज्ञानमंदिरांत हाच साधा नियम का पाळला जात नाही, हा माझा आजचा प्रश्न आहे. मी विद्यार्थी आहे. माझी बांगडी भरताना पिचली, आणि पैसे मात्र माझ्याच बापाने भरले.

झाले ते असे. बारावी झाली, पण गणिताने मला आणि मी गणिताला नीट ओळखले नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयात माझे नाव होते. तास मात्र क्वचितच होत. विज्ञानाची मुले वर्गात बसतच नाहीत, सारी खाजगी क्लासांत असतात, अशी ओरड झाली तेव्हा २०१८ साली राज्य शासनाने यंत्रावर बोट टेकवून हजेरी घेण्याचा हुकूम काढला होता. बोट टेकले की मुलगा हजर! पण त्या बोटाच्या धन्याला काही समजले की नाही, हे मोजणारे यंत्र अजून निघायचे आहे. मी सूत्रे घोकून पास झालो आणि प्रवेशपरीक्षेसाठी एक वर्ष थांबून, २०२४ च्या जूनमध्ये, जिल्ह्याच्या गावी एका नामांकित क्लासात नाव घातले.

शुल्क अठ्ठेचाळीस हजार. त्यावर अठरा टक्के कर, ८,६४० रुपये. एकूण ५६,६४०. सारे एकरकमी आणि आगाऊ. भाव वाढेल या आशेने वडिलांनी आठ क्विंटल कापूस घरात राखून ठेवला होता. कापूस ज्यांच्या घरात राहिला आहे त्यांनाच ठाऊक, की तो माणसांच्या आधी अंथरुणात शिरतो आणि रात्रभर सगळ्यांना खाजवत ठेवतो. भाव वाढण्याच्या आत शुल्काची तारीख आली. कापूस गेला, खाज गेली आणि त्याच्या जागी एक पावती आली.

क्लासात आम्ही दीडशेच्या घरात मुले होतो. सर ध्वनिवर्धक लावून शिकवीत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आजही आदर आहे. त्यांच्या वेगाबद्दल मात्र नाही. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर उदाहरण आले: क्षचा वर्ग वजा ४, भागिले क्ष वजा २; क्ष जेव्हा २ च्या जवळ जातो तेव्हा याची किंमत काय? मी २ घालून पाहिले. वर शून्य, खाली शून्य. सरांनी उत्तर लिहिले ४ आणि फळा पुसला. मी उभा राहून विचारले, “सर, शून्य भागिले शून्य म्हणजे चार कसे?” सर म्हणाले, “अरे, हे नववीचं आहे. शंका असेल तर शंकांच्या खिडकीवर जा.” दीडशे मुले हसली. त्यांतल्या शंभरांना तरी ते समजले नव्हते, हे मला नंतर कळले. पण हसण्याला समजावे लागत नाही.

शंकांची खिडकी दुपारी तीन ते चार उघडे. तिथे जो तरुण बसे तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. तो बिचारा एका तासात चाळीस मुलांना उत्तरे छापील कागदावर दाखवी. ‘का’ विचारले तर म्हणे, “परीक्षेत ‘का’ विचारत नाहीत.” दोन महिन्यांत मी तीन चाचण्या दिल्या आणि तिन्हींत तळाला राहिलो. क्रमवारीची यादी दाराशीच लावलेली असे. वर पहिल्या दहांचे फोटो आणि खाली आमची नुसती नावे. चपला घालताना स्वतःचे नाव खालून वाचायची सवयच मला लागून गेली.

मग मी ठरवले, की यांची काहीतरी सावकाशीची तुकडी असेल तर तिच्यात बसवा म्हणावे, नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागावेत. इथून माझ्या शिक्षणाचा दुसरा अभ्यासक्रम सुरू झाला. दूरध्वनी केला तर एक गोड आवाज सांगे, ‘मराठीसाठी दोन दाबा.’ दोन दाबल्यावर तोच आवाज हिंदीत म्हणे, की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे; आणि सनई लागे. लग्नाशिवाय इतकी सनई मी कधी ऐकली नव्हती. प्रत्यक्ष गेलो तर पहिल्या वेळी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, दुसऱ्या वेळी ‘अर्ज ऑनलाइन करा’ आणि तिसऱ्या वेळी ‘ऑनलाइनचं इथं काही दिसत नाही’. अर्जाची पोच मागितली तेव्हा समोरची बाई माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिचे मंगळसूत्रच मागितले.

चौथ्या खेपेस वडील बरोबर आले. आयुष्यात ते कधी कोणाच्या कचेरीत आवाज चढवून बोलले नाहीत. दाराशी सरस्वतीची मोठी तसबीर होती, उदबत्ती जळत होती. वडिलांनी बाहेर चपला काढल्या, तसबिरीला नमस्कार केला आणि टोपी हातात धरून ते खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीतल्या गृहस्थाने मान वर न करता सांगितले, “बाबा, चपला घाला, इथं कोणी काढत नाही. आणि जरा बाजूला व्हा, ॲडमिशनची लाईन आहे.” मग माझी पावती उलटी करून मागची बारीक ओळ दाखवली: एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

वडील बाजूला झाले. त्यांनी चपला घातल्या. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, “त्याले समजत नसंल तर पैशे कशाले ठेवता म्हना.” एवढा साधा प्रश्न त्या खिडकीला विचारण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाच झाले नव्हते.

ती पावती मी त्या रात्री पुष्कळ वेळ पाहत बसलो आणि मला एक मौज दिसली. पावतीच्या दर्शनी बाजूला मी ‘सेवा’ घेणारा होतो. कर भरताना ते स्वच्छ लिहिले होते: वस्तू व सेवा कर. मागच्या बाजूला मात्र मी शिष्य होतो, आणि गुरुदक्षिणा का कुणी परत मागतो? पैसे घेताना दुकान आणि पैसे परत मागताना मंदिर! वडिलांनी चपला काढल्या त्या मंदिर समजून. त्यांना त्या घालायला लावल्या दुकानाने. हे दोन मुखवटे एकाच चेहऱ्यावर चढवणे हाच या धंद्याचा खरा अपराध आहे, असे माझे म्हणणे आहे. मंदिर असाल तर मंदिरासारखे वागा. दुकान असाल तर निदान दुकानासारखे तरी वागा!

कोणी म्हणेल, पोरा, विद्यार्थी हा गिऱ्हाईक नव्हे. मान्य. न्यायालयांनीही तेच सांगितले आहे. परीक्षा मंडळ परीक्षा घेते म्हणजे कोणाला सेवा विकत नाही, असे सर्वोच्च न्यायालय २००९ साली बिहारच्या एका प्रकरणात म्हणाले. विद्यापीठांबद्दल तोच निर्णय २०१० साली दिला. मला यात गैर वाटत नाही. विद्यार्थी गिऱ्हाईक झाला तर उद्या तो गुणही तराजूत घालून मागेल आणि शिक्षकाला ‘माल’ बदलून द्यायला सांगेल. ते कोणालाच नको. पण गिऱ्हाईक नव्हे म्हणजे कोणीच नव्हे, असा अर्थ कुणी काढला? आमच्याकडे तो काढला गेला, आणि फार वर्षे चालला. आमच्या राज्याच्या शिक्षण मंडळाचा नियम होता, की बेरीज पडताळून घ्या, पण उत्तरपत्रिका पाहायला किंवा पुन्हा तपासून मागायचा हक्क नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. स्वतःच्या हाताने लिहिलेला स्वतःचा कागद पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला मिळाला तो २०११ साली, तोही माहितीच्या अधिकाराच्या वाटेने. मधली सत्तावीस वर्षे किती मुलांच्या बांगड्या पिचल्या आणि कोणाच्या खाती पडल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पिचलेल्याची किंमत वरच्या माणसाने मोजल्याचे एक उदाहरण मात्र मला आठवते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी नसताना सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली. निकाल रखडत सप्टेंबरात गेले आणि पुढच्या शिक्षणाला निघालेली मुले ताटकळली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. पण मुलांचे गेलेले महिने? ते मुलांच्याच खाती!

खाजगी क्लासांची गोष्ट आणखी निराळी आहे. ते शाळाही नव्हेत आणि महाविद्यालयही नव्हेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये हे स्पष्ट केले, की शाळा-महाविद्यालये ग्राहक कायद्याच्या बाहेर असली तरी क्लास आत येतात. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासांसाठी सूचना काढल्या. विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत द्यावे, असे त्यांत लिहिले आहे. मी नाव घातले त्याच्या पाच महिने आधीची ही गोष्ट. सूचना म्हणजे कायदा नव्हे, त्या अमलात आणणे राज्यांकडे असते, हे मला मान्य. पण खिडकीतल्या गृहस्थाला त्यांचे नावही माहीत नव्हते, हे मला मान्य नाही. अठरा टक्के कर मात्र त्यांना पैशापर्यंत पाठ होता!

आता वडीलधाऱ्यांचा आक्षेप ऐकू येतो: आजकालची पोरे आळशी, दिवसभर मोबाईल चोळतात आणि नापास झाली की मास्तरांच्या नावाने खडे फोडतात. यात काही खोटे आहे असे मी म्हणत नाही. माझ्याही हातात मोबाईल होता. पण पुढे काय झाले ते ऐका आणि मग निकाल द्या.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना माझी हकीकत कळली तेव्हा त्यांनी मला संध्याकाळी ओट्यावर बोलावले. पुस्तक काढले नाही. म्हणाले, “तुला काय येत नाही ते राहू दे. काय येतं ते दाखव.” मी मागे मागे जात राहिलो आणि नववीच्या अवयव पाडण्यापाशी अडखळलो. “हं, हाड इथं आहे,” सर म्हणाले. मग त्यांनी तेच उदाहरण दिले. “दोन घालू नकोस. दोनाच्या जवळचं घाल.” मी १.९ घातले, उत्तर ३.९ आले. १.९९ घातले, ३.९९ आले. १.९९९ ला ३.९९९. पलीकडून २.०१ घातले, तर ४.०१. मग सरांनी वरच्या पदाचे अवयव पाडायला लावले: क्ष वजा २ आणि क्ष अधिक २. खालचा क्ष वजा २ उडाला, आणि उरले क्ष अधिक २. शून्याला शून्याने भागायचे नव्हतेच मुळी! दोनापाशी पोचायचे नव्हते, फक्त जवळ जायचे होते. सारा खेळ पाऊण तासाचा. ज्या खिळ्यात मी दोन महिने अडकलो होतो तो काढायला एका म्हाताऱ्या माणसाला पाऊण तास लागला, आणि त्यांनी त्याचे काहीही घेतले नाही. आईने दिलेले भरीत तेवढे घेतले.

तेव्हा विषय कठीण होता काय? होता. कठीण विषय असू नयेत असे म्हणणारा मी नव्हे. सोपेच शिकायचे तर शाळेची गरज काय? पण कठीण विषय आणि कठीण वर्ग यांत फरक आहे. विषयाचा कठीणपणा विषयाच्या पोटातून येतो; वर्गाचा कठीणपणा हात न चाचपता बांगडी रेटण्यातून येतो. याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. रोज! गुरुजी सगळ्यांना होता येणार नाही. ती अपेक्षाही नाही. पण मुलगा कुठे अडला आहे एवढे विचारायला संतपण लागत नाही. आणि आमच्या शेजारच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी दुसऱ्यांनी लिहून घेतली म्हणून आज ती आपल्याकडे आहेत. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बहिणाबाई आज आपल्या नातवाचा अर्ज घेऊन एखाद्या खिडकीवर आल्या, तर त्यांनाही ‘बाजूला व्हा’ असेच सांगतील काय? मला तर भीती वाटते, की सांगतील.

माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी तारीख घालून अर्ज लिहिला, २०२४ च्या सूचनांचा उल्लेख केला आणि तो रजिस्टर टपालाने धाडला. १९१५ या ग्राहकांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेव्हा कुठे चार महिन्यांनी तीस हजार रुपये आले. दहांपैकी आठ महिने उरले होते; त्या हिशेबाने पंचेचाळीस हजार तीनशे बारा यायला हवे होते. उरलेले मी सोडलेले नाहीत.

सणाच्या दिवशी मी हे गाऱ्हाणे घेऊन बसलो, त्याबद्दल क्षमा असावी. पण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणाऱ्या घरांतच पुढच्या जूनमध्ये शुल्काची तारीख येणार आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. वर्षाचे पैसे एकरकमी देऊ नका, हप्ता मागा. आठ दिवस मुलाला बसू द्या आणि त्याला विचारा, की त्याला कोणी विचारले काय. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. न देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. आणि पैसे अडकले तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती विसरू नका. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली आणि १९८६ साली कायदा झाला, ते काही आपण खिडकीबाहेर टोपी हातात धरून उभे राहावे म्हणून नव्हे.

आणि क्लास चालवणाऱ्यांना एकच सांगणे आहे. दाराशी सरस्वती जरूर ठेवा. पण तिच्यापुढे चपला काढणाऱ्या माणसाला आत बसायला एक खुर्चीही ठेवा.

परवा चाचा आले होते. बहिणीच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवताना एक पिचली. ती ओशाळून म्हणाली, “चाचा, माझाच हात कडक आहे.” चाचांनी तुकडे वेचले, डबीत टाकले आणि दुसरी बांगडी उचलीत म्हणाले, “हात हातासारखाच असतो, बेटा. घाई माझी झाली.”

वडील ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते. त्या खिडकीपासून परत आल्यावर इतक्या दिवसांत ते त्याविषयी एक शब्द बोलले नव्हते. ते तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, “राहिलेल्या पैशांचा अर्ज कधी टाकतो?”

तो मी आज टाकला. पोच घेतली आहे.